चढावर पेडल असिस्ट जातो आणि दुकानात नेली की परत येतो: इलेक्ट्रिक सायकलचा हा दोष कसा शोधायचा

आसरा पुलाचा चढ लागला, पायावर जोर आला की माझ्या सायकलची मोटार गप्प व्हायची. पेडल फिरतंय, डिस्प्ले चालू आहे, बॅटरीचे पाचातले चार दांडे भरलेले आहेत आणि मागून लागणारा तो रेटा मात्र नाही. पूल उतरून सपाट रस्त्याला लागलं की दोन-चार फेऱ्यांत असिस्ट, म्हणजे पेडल मारताना मिळणारी मोटारीची मदत, आपोआप परत. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीला रोजचं जाणं-येणं, म्हणजे हा पूल दिवसातून दोनदा. बावीस-तेवीस किलोची सायकल, मे महिन्यातली दुपारची पाळी आणि ऐन चढावर मोटार बंद. सहा महिन्यांत हे तीनदा झालं. दोनदा दुरुस्त करून आणली आणि दोन्ही वेळा दोष परत आला.

दुकानात काय व्हायचं ते आधी सांगतो, कारण हेच अनेकांच्या बाबतीत होतं. सायकल स्टँडवर उभी करायची, मागचं चाक अधांतरी, कारागीर हाताने पेडल फिरवणार आणि चाक भर्रकन फिरणार. "मालक, चालतीय की व्यवस्थित." मी म्हणायचो, चढावर जातो हो. मग अंदाजाने एखादा भाग बदलला जायचा. पहिल्यांदा रेसची मूठ बदलली. दुसऱ्यांदा कंट्रोलर, म्हणजे मोटार कधी चालवायची हे ठरवणारा डबा. कंट्रोलर बदलल्यावर तीन आठवडे सायकल छान चालली, त्यामुळे दोष तोच होता असं मलाही वाटलं. तो नव्हता. कंट्रोलर काढता-घालताना वायरी ओढल्या गेल्या, पेडलजवळचा सेन्सर जरासा आत सरकला आणि त्यावर ते तीन आठवडे निघाले. हे कळायला मला दोन हजारांवर रुपये आणि बराच घाम लागला. तुमचा तरी वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

पेडल असिस्ट चालतो कसा, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढची शोधाशोध सोपी होते. आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक सायकलींत मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटार, ३६ व्होल्टची बॅटरी आणि पेडलच्या अ‍ॅक्सलवर प्लॅस्टिकची एक चकती असते. चकतीत १२ (काहींत ८) छोटे लोहचुंबक बसवलेले असतात. तिच्या समोर, फ्रेमला पक्का केलेला सेन्सर असतो. समोरून चुंबक गेला की हा सेन्सर कंट्रोलरला एक ठोका पाठवतो. १२ चुंबक म्हणजे पेडलच्या एका फेरीला १२ ठोके. ठोके येत राहिले की कंट्रोलर समजतो, माणूस पेडल मारतोय, मोटार चालवायची. ठोके तुटले की क्षणात मोटार बंद. तुम्ही किती जोर लावताय हे या सेन्सरला कळतच नाही. पेडल फिरतंय की नाही, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे दोन-तीन ठोके लागोपाठ चुकले, तर कंट्रोलरच्या लेखी तुम्ही पाय थांबवलेला असतो, मग तुम्ही चढावर जीव काढून पेडल मारत असलात तरी.

आता पहिली चाचणी, आणि हिच्याआधी पाना हातात घेऊ नका. असिस्ट गेला की तिथेच, त्याच क्षणी रेस देऊन बघा. रेस दिल्यावर मोटार ओढते का? ओढत असेल तर बॅटरी, मोटार, मोटारीची जाड वायर आणि कंट्रोलरचा मुख्य भाग हे सगळं एका झटक्यात संशयातून सुटलं. दोष पेडलच्या सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरीत आहे. रेसही मेलेली असेल तर गोष्ट वेगळी. मग ब्रेकचा कटऑफ, बॅटरी किंवा मोटारीचा जोड बघायचा. ज्यांच्या सायकलला रेसच नाही, त्यांनी वॉक मोड वापरावा. बहुतेक डिस्प्लेंवर वजाचं बटण दाबून धरलं की सायकल चालण्याच्या वेगाने स्वतःहून पुढे सरकते. तेही तेच काम करतं. माझ्या सायकलची रेस पुलावर उत्तम चालत होती. म्हणजे कंट्रोलर बदलायची गरज नव्हती, हे मला घरबसल्या कळू शकलं असतं.

एक अगदी साधी गोष्टही इथेच बघून घ्या: डिस्प्लेवर असिस्टची लेव्हल शून्य तर नाही ना? घरातल्या पोरांनी बटणं दाबलेली असतात, किंवा पिशवी हँडलला अडकवताना बटण दाबलं जातं. लेव्हल शून्य म्हणजे असिस्ट बंद, पण काही सायकलींत रेस चालूच. हुबेहूब बिघाडासारखं दिसतं.

रेस आणि असिस्ट दोन्ही गेले असतील तर पहिला संशय ब्रेकच्या मुठींवर घ्या. दोन्ही मुठींच्या आत छोटा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटारीचा प्रवाह तोडतो, म्हणून त्याला कटऑफ म्हणतात. मूठ पूर्ण मागे आली नाही तर कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. आपल्याकडच्या धुळीत हे फार होतं. केबलच्या नळीत माती जाते, मुठीची स्प्रिंग सुस्त पडते आणि मूठ दोन-तीन मिलिमीटर पुढेच राहते. मागे ब्रेकचा दिवा असेल तर तो सतत पेटलेला दिसेल. मूठ बोटाने बाहेरच्या बाजूला ढकलून धरा आणि पेडल मारा. असिस्ट आला तर चोर सापडला. तरीही शंका राहिली तर बॅटरी बंद करून एका मुठीची कटऑफची वायर जोडातून काढा आणि मग चालवून बघा, नंतर दुसरीची. बहुतेक सायकलींत वायर काढली म्हणजे ब्रेक सोडलेला, असा हिशेब असतो. पण एवढं लक्षात ठेवा, वायर काढलेली असताना ब्रेक दाबला तरी मोटार थांबणार नाही. म्हणून ही चाचणी मोकळ्या मैदानात, सगळ्यात खालच्या लेव्हलवर करा आणि झाली की वायर परत जोडा. कटऑफ काढून टाकून रोज वापरणारे लोक मी पाहिलेत. सात रस्त्यासारख्या चौकात समोर अचानक रिक्षा आडवी आली तर हातभर अंतरातसुद्धा मोटार पुढे ओढत राहते. कृपा करून तसं करू नका.

माझा दोष इथे नव्हता. रेस चालायची, असिस्ट जायचा, म्हणजे सेन्सरच. पण सेन्सर खराब म्हणावा तर सपाट रस्त्यावर आणि स्टँडवर तो ठणठणीत. इथे मी अडकलो होतो.

तो गुंता सुटला एका पंक्चरच्या दुकानात. अशोक चौकाकडे जाताना चाक बसलं, म्हणून रस्त्याकडेच्या म्हाताऱ्या सायकल मिस्त्रींकडे थांबलो. त्यांनी पंक्चर काढलं, चेनला तेल दिलं आणि सवयीने क्रँकचं, म्हणजे पेडलच्या दांड्याचं, टोक धरून डावी-उजवीकडे हलवलं. कट्-कट् असा बारीक आवाज आला. "मालक, तुमच्या मोटारीचं मला काय कळत नाही," ते म्हणाले, "पण बीबीत, पेडलच्या बेअरिंगमध्ये, प्ले आलाय, सैल झालंय बघा. अ‍ॅक्सल डुलतोय."

अ‍ॅक्सल डुलतोय. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. कारण चुंबकाची चकती त्याच अ‍ॅक्सलवर बसलेली आहे. अ‍ॅक्सल डुलला की चकती डुलणार. हलक्या हाताने स्टँडवर पेडल फिरवलं तर अ‍ॅक्सल सरळच राहतो, चकती सेन्सरसमोर बरोबर फिरते. चढावर सगळं वजन एका पेडलवर आलं की अ‍ॅक्सल तिरका होतो, चकतीची एक बाजू सेन्सरपासून लांब जाते आणि ठोके चुकतात. दुकानात दोष का दिसायचा नाही, याचं उत्तर हेच होतं. तिथे कोणी पेडलवर उभंच राहत नव्हतं.

खात्री करायला संध्याकाळी मुलीला हाताशी घेतलं. बॅटरी काढून बाजूला ठेवली. हे आधी करायचं, कारण बोटं क्रँकजवळ असणार. सायकलचं पुढचं चाक अंगणातल्या भिंतीला टेकवलं. ती मोबाईलचा टॉर्च घेऊन खाली बसली, नजर सेन्सर आणि चकती यांच्यातल्या फटीवर. मी सीटवर बसून उजवं पेडल पुढे आडवं आणलं आणि त्यावर हळूहळू अंगाचा भार टाकला. "बाबा, फट मोठी झाली. आता परत लहान. आता परत मोठी." भार टाकला की मोठी, सोडला की लहान. सहा महिने ज्याने छळलं ते तिथे डोळ्यांना दिसत होतं, दोन मिलिमीटरचा खेळ.

फट मोजायला जुनी एटीएम कार्डं वापरा. एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. दोन कार्डं एकत्र फटीत सहज जावीत, चार जाऊ नयेत. साधारण दीड ते तीन मिलिमीटर अंतरात बहुतेक सेन्सर नीट काम करतात. नाणं घालून बघू नका. आपली एक रुपयाची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, मग ती ओढून काढताना चकतीलाच इजा व्हायची.

प्ले नेमका कुठे आहे हेही ओळखता येतं. एका हाताने एक क्रँक धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा आणि दुसऱ्या क्रँकवर नजर ठेवा. दोन्ही क्रँक एकदम हलले तर बीबी ढिली आहे. धरलेला एकच हलला तर तो क्रँक अ‍ॅक्सलच्या चौकोनी टोकावर सैल झालाय. त्याचा बोल्ट आवळून बघा, आणि आवळूनही सैल राहत असेल तर क्रँकचं भोक झिजलंय, तो बदलावाच लागेल.

बीबी उघडायचं काम सायकल मिस्त्रींकडूनच करून घ्या असं मी म्हणेन, कारण क्रँक काढायला वेगळं पुलर लागतं आणि ते नसताना हातोडीने ठोकलं तर त्या ठोक्याने अ‍ॅक्सलही जातो आणि शेजारचा सेन्सरही. स्वतः करणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी: बहुतेक सायकलींत चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने जोर लावून आटे खाल्लेल्या फ्रेमी मी पाहिल्यात. सुट्या गोळ्यांची बीबी असेल तर ग्रीस, नव्या गोळ्या आणि कप बरोबर आवळणं एवढ्यावर भागतं. सीलबंद कार्ट्रिज असेल तर ती आवळून प्ले जात नाही, अख्खी बदलायची. माझी कार्ट्रिज होती. नवी बीबी बसवायचा खर्च त्या कंट्रोलरच्या पाव हिश्शाइतकासुद्धा आला नाही.

चकती बाहेर आल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, ती आमच्या एमआयडीसीतल्या सगळ्यांनी ऐकावी. प्रत्येक चुंबकावर काळी, केसाळ अशी लोखंडाची भुकटी उभी राहिली होती. दोन चुंबकांच्या मधल्या जागेतसुद्धा ती भरली होती, जणू सगळ्यांना एकाच पट्ट्याने बांधलंय. आमचा टॉवेलचा कारखाना आहे, पण सायकली लावतो त्या जागेला लागूनच फॅब्रिकेशनची शेड आहे. तिथे दिवसभर ग्राइंडर चालतो आणि कीस उडत असतो. चुंबक आपोआपच तो गोळा करतात. मधली जागा लोखंडाने भरली की चुंबकाची ओढ त्या लोखंडातूनच वळते, सेन्सरपर्यंत पोचणारा जोर कमी होतो आणि दोन ठोके वेगळे ओळखू येईनासे होतात. फट बरोबर असूनही असिस्ट अडखळतो तो यामुळे. ही भुकटी नुसत्या फडक्याने निघत नाही, एका चुंबकावरून पुसली की दुसऱ्यावर जाऊन बसते. चिकटपट्टीची चिकट बाजू दाबून दाबून ती उचलावी लागते. पाच-सहा तुकडे काळे झाल्यावर माझी चकती पांढरी झाली. आमच्या विभागातली कापसाच्या तंतूंची धूळ मात्र या बाबतीत निरपराध आहे. कापूस चुंबकाला अडवत नाही. तेलात भिजून त्याचा गोळा झाला आणि चकतीला घासायला लागला तर चकती अ‍ॅक्सलवर जागची सरकू शकते, एवढंच.

चकती बसवताना ती अ‍ॅक्सलवर हाताने फिरत नाही ना, हे बघून घ्या. आतले दाते झिजले की पेडल फिरतं आणि चकती मागे राहते. शिवाय चकतीतले चुंबक मोजा. एखादा पडलेला असेल तर प्रत्येक फेरीत ठरावीक जागी झटका बसतो; बरोबर त्याच जागी येतो, म्हणून ओळखायला सोपा.

हे सगळं ठीक असूनही असिस्ट येत नसेल, तर मग सेन्सर स्वतः तपासा. त्याला तीन वायरी असतात, बहुधा लाल, काळी आणि एक तिसऱ्या रंगाची. मल्टिमीटर असेल आणि जोडाच्या मागून टोक अलगद पोचत असेल, तर सायकल चालू करून लाल आणि काळीमध्ये साधारण ५ व्होल्ट दिसायला हवेत. ते नसतील तर दोष वायरीत किंवा कंट्रोलरकडे. ते असतील तर काळी आणि तिसऱ्या वायरीवर मीटर लावून पेडल अगदी सावकाश मागच्या-पुढच्या दिशेने हलवा. आकडा शून्याजवळ आणि वर असा उड्या मारायला हवा. आकडा एका जागी थिजलेला असेल तर सेन्सर मेलाय. मीटरचं टोक सटकून लाल वायर तिसरीला किंवा काळीला टेकू देऊ नका, सेन्सरबरोबर कंट्रोलरही जाऊ शकतो. मीटर नसेल तर सेन्सरवर बारीक लाल दिवा आहे का बघा. काहींवर असतो, आणि पेडल फिरवलं की लुकलुकतो.

पावसाळ्यात दोष येत असेल आणि दोन दिवस ऊन पडलं की जात असेल, तर तो जोडांत आहे. गोल, पाणी न शिरणारे म्हणतात ते जोडसुद्धा अर्धवट बसले तर पाणी पितात. बॅटरी काढा, जोड सरळ ओढून उघडा, पिळून नव्हे. पिना हिरवट झाल्या असतील तर काँटॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या. परत लावताना दोन्हीकडचे बाण समोरासमोर आणा आणि मगच दाबा. बाण न बघता दाबलेल्या जोडात एक पिन वाकते, आणि मग महिनाभर दोष येत-जात राहतो. आणि सायकल धुताना पाण्याचा पाइप थेट पेडलच्या अ‍ॅक्सलवर मारू नका. ओल्या फडक्याने पुसा.

बॅटरीबद्दल थोडक्यात. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते आणि तीसच्या आसपास उतरली की कंट्रोलर मोटार तोडतो. जुनी बॅटरी चढावर एकदम खाली बसते आणि सपाटीवर परत वर येते. म्हणजे हासुद्धा चढावरच दिसणारा दोष, पण यात रेसही त्याच चढावर मान टाकते आणि डिस्प्लेवरचे दांडे धाडकन कमी होतात. डिस्प्लेच विझत असेल तर बॅटरी जिथे सायकलला टेकते ते जोडाचे पत्रे आणि कुलपाची जागा बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. उन्हात तापलेली बॅटरी आतलं संरक्षण सर्किट स्वतःच बंद करू शकतं. सावलीत अर्धा तास ठेवा, आणि तापलेली असताना चार्जिंगला तर मुळीच लावू नका.

उतारावर वेग वाढला की असिस्ट जातो, अशी तक्रार घेऊन दोघे-तिघे माझ्याकडे आले. तो बिघाड नाही. लायसन्स आणि नोंदणी न लागणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलीला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे, तिथे पोचली की मोटार सोडून देते. आणि ज्यांच्या महागड्या सायकलीत जोर मोजणारा टॉर्क सेन्सर आहे त्यांनी सायकल चालू करताना पाय पेडलवर ठेवू नये. चालू होतानाचा भार तो शून्य धरून बसतो आणि मग दिवसभर असिस्ट कमी मिळतो. एकदा बंद करून, पाय जमिनीवर ठेवून पुन्हा चालू करा.

बीबी बदलल्यापासून मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी क्रँक हलवून बघतो आणि फटीत दोन कार्डं घालून बघतो. पाच मिनिटांचं काम. सायकलही आता शेडपासून लांब, गेटजवळ लावतो. पुलावर असिस्ट एकदाही गेलेला नाही.

सेन्सर नवाच घ्यायची वेळ आली तर जुना सेन्सर आणि चकती दोन्ही घेऊन दुकानात जा. जोडातल्या पिना किती, वायर कंट्रोलरपर्यंत पोचते का, अ‍ॅक्सलचा चौकोन जुळतो का आणि सेन्सर डाव्या बाजूचा आहे की उजव्या, एवढं ताडून बघा. बसवल्यावर पेडल पुढे फिरवून काहीच झालं नाही, तर लगेच परत करायला धावू नका. चकती उलटी बसली की काही सेन्सरांना पुढची फेरी मागची वाटते. चकती काढा, पलटून बसवा आणि पुन्हा फिरवून बघा.